६५५३७ चा दाखला: मोठी मूळ संख्या स्वतःच्या हाताने कशी सिद्ध करावी

बेळगाव शहरातले पिन कोड ५९०००१ पासून सुरू होतात. रविवारी माझ्याकडे गणिताला बसणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांना मी एकदा काम दिलं: ५९०००१ ते ५९००२० या वीस संख्यांमध्ये मूळ संख्या किती आहेत ते शोधा. दहा सम संख्या लगेच गेल्या. शेवटी ५ असलेल्या दोन गेल्या. अंकांची बेरीज करून ५९०००१, ५९०००७, ५९००१३ आणि ५९००१९ या चार ३ ने गेल्या. उरल्या चार. ५९०००९ ला ७ ने भाग गेला, ५९०००३ ला ४३ ने, ५९००१७ ला १०९ ने. राहिली ५९००११. एक मुलगा तिला घेऊन अर्धा तास बसला होता. शेवटी वैतागून म्हणाला, "सर, मघापासनं भागायलोय, बाकी काय सुटंना. मूळच म्हणून सोडून देऊ काय?"

तो १५१ पर्यंत पोचला होता. आणखी दोन भागाकार केले असते तर तिसरा, १६७ चा, नेमका बसला असता: १६७ × ३५३३ = ५९००११. म्हणजे त्या वीस संख्यांमध्ये एकही मूळ संख्या नाही.

त्या दिवसापासून मी मुलांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. "भाजक सापडला नाही" आणि "भाजक नाही" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य तुमच्या चिकाटीबद्दल बोलतं, दुसरं संख्येबद्दल. पहिल्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं, तेही हजारो भागाकार न करता, हे या लेखात एकाच संख्येच्या आधारे दाखवतो. संख्या आहे ६५५३७. कागद, पेन्सिल आणि दुकानात असतो तसला बारा अंकी कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. फक्त वाचून हे हाताला लागणार नाही.

आधी शब्द

माझ्याकडे मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही माध्यमांची मुलं येतात. एकजण "मूळ संख्या" म्हणतो, दुसरा कन्नड पुस्तकातली "अविभाज्य संख्ये" म्हणतो, तिसरा "प्राइम नंबर". तिघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत. १ पेक्षा मोठी आणि १ व स्वतः यांखेरीज दुसरा भाजक नसलेली ती मूळ संख्या. बाकीच्या संयुक्त.

खानापूरकडच्या मुलांना मी विटांवरून सांगतो, कारण वीटभट्टी त्यांनी रोज पाहिलेली असते. १५ विटा जमिनीवर ३ ओळींत ५-५ अशा मांडता येतात, पूर्ण आयत होतो. १७ विटांचा तसा आयत कधीच होत नाही, एकाच लांब ओळीत त्या लावाव्या लागतात. ६५५३६ विटांचा तर सुरेख चौरस होतो, २५६ ओळी आणि प्रत्येकीत २५६. त्यात एकच वीट वाढवली की ६५५३७, आणि मग कुठलाच आयत जमत नाही. हेच आपल्याला सिद्ध करायचं आहे.

पायरी पहिली: कुठवर भागायचं ते ठरवा

एखाद्या संख्येचे दोन अवयव पडत असतील तर दोन्ही वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत. निदान एक वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. म्हणून वर्गमुळाच्या पुढे भागत बसण्याचं कारण नाही. ६५५३७ चं वर्गमूळ २५६ च्या किंचित वर आहे. तेव्हा २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्या ५४ आहेत.

त्यातल्या २, ३, ५ च्या कसोट्या सगळ्यांना पाठ असतात. ७, ११ आणि १३ यांच्यासाठी एक एकत्र युक्ती आहे, ती शाळेत क्वचित सांगतात. ७ × ११ × १३ = १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि शेवटच्या गटातून आधीचा वजा करायचा. ६५५३७ साठी ५३७ − ६५ = ४७२. या लहान संख्येला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तरच ६५५३७ ला जाणार. ४७२ ला ७ ने भागल्यावर ३ उरतात, ११ ने १०, १३ ने ४. एका वजाबाकीत तीन भाजक निकालात निघाले. हीच युक्ती ५९०००९ वर करा: ५९० मधून ९ वजा केले की ५८१, म्हणजे ७ × ८३. आमच्या पिन कोडाला ७ ने भाग गेला तो असा.

उरलेले ४८ भागाकार कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासात होतात. एकदा जरूर करा. एकाही भागाकारात बाकी शून्य आली नाही की ६५५३७ मूळ असल्याचं सिद्ध झालं. हा पुरावा पूर्ण आहे, त्यात खोट काहीच नाही.

अडचण पुढे येते. दहा अंकी मोबाईल नंबर याच रीतीने तपासायचा म्हटलं तर एक लाखापर्यंतच्या मूळ संख्या लागतात आणि त्या ९५९२ आहेत. भागाकाराला एक मिनिट धरलं तरी जवळजवळ १६० तास. वीस अंकी संख्येसाठी तर माणसाचं आयुष्य पुरणार नाही. म्हणून दुसरी वाट हवी.

पायरी दुसरी: संख्येची घडण पाहा

६५५३७ ही साधीसुधी संख्या नाही. २ चा १६ वा घात ६५५३६, त्यात १ मिळवलेला. या घडणीचा फायदा घेऊ.

समजा, 'म' ही मूळ संख्या ६५५३७ ला नि:शेष भागते. मग म ने भागताना २ च्या १६ व्या घाताची बाकी उणे १ येणार. (उणे १ म्हणजे भागाला एक कमी पडतो. बाकी अशी उणे धरली की हिशेब फार हलका होतो. ही सवय लावून घ्या.) उणे १ चा वर्ग १, म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी १. २ चे घात चढत्या क्रमाने लिहून प्रत्येकाची बाकी मांडली तर ती काही अंतराने पुन्हा १ वर येते. या अंतराला मी "फेरा" म्हणतो. इथे फेरा ३२ ला भागणारा असला पाहिजे आणि १६ ला भागणारा नसला पाहिजे, कारण १६ वर बाकी उणे १ आली आहे. म्हणून फेरा बरोबर ३२ चा.

आता फर्मा यांनी १६४० मध्ये सांगितलेला नियम आणा: म मूळ असेल आणि म ने भाग न जाणारी कुठलीही संख्या घेतली, तर तिच्या (म − १) व्या घाताची बाकी १ येते. म्हणजे फेऱ्याने (म − १) ला भाग गेलाच पाहिजे. म्हणून (म − १) हा ३२ च्या पाढ्यातला आकडा आहे.

यावरून संभाव्य भाजक लिहू: ३३, ६५, ९७, १२९, १६१, १९३, २२५. बस, एवढेच. त्यातल्या मूळ संख्या फक्त ९७ आणि १९३. ६५५३७ ला ९७ ने भागल्यावर ६२ उरतात, १९३ ने भागल्यावर ११०. काम संपलं. चोपन्न भागाकारांच्या जागी दोन.

मला या पायरीचं फार अप्रूप वाटतं, अजूनही. भागाकार जोरात करून वेळ वाचला नाही, संख्या कशी बनली आहे ते पाहून वाचला. ऑयलर यांनी हीच वाट धरून फर्मा यांची चूक काढली होती. फर्मा यांना वाटत होतं की ३, ५, १७, २५७, ६५५३७ या माळेतली प्रत्येक संख्या मूळ असणार. (२ चा १ ला, २ रा, ४ था, ८ वा, १६ वा घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा, की ही माळ तयार होते.) पुढची आहे ४२९४९६७२९७. १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखवलं की ती ६४१ × ६७००४१७ आहे.

६४१ ने भाग जातो हे गुणाकार न करताही दिसतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा. पहिल्यावरून ५ गुणिले २ चा ७ वा घात यांची बाकी उणे १. तिचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात यांची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ घालता येतात, आणि १६ म्हणजे २ चा ४ था घात. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १. त्यात १ मिळवला की शून्य. वहीत चार ओळींत मावतं.

या माळेत ६५५३७ नंतर आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. माळेला शून्यापासून क्रमांक दिले तर ६५५३७ चा क्रमांक ४, आणि ५ पासून ३२ पर्यंतच्या सगळ्या संयुक्त असल्याचं ठाऊक आहे.

पायरी तिसरी: फर्मा यांची कसोटी, आणि तिचा धोका

वरचा फर्मा यांचा नियम उलटा वापरायचा मोह होतो. संख्या 'न' घ्या, २ चा (न − १) वा घात काढा, बाकी १ आली की न मूळ. हे चुकीचं आहे. उदाहरण घ्या ३४१ चं. २ चा १० वा घात १०२४, आणि १०२४ म्हणजे ३ × ३४१ + १. बाकी १. मग ३४० व्या घाताचीही बाकी १, कारण ३४० ला १० ने भाग जातो. पण ३४१ म्हणजे ११ × ३१. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ तर आणखी फसवी आहे. ती ७ × १३ × १९ आहे, आणि ७, १३, १९ यांनी भाग न जाणारा कुठलाही पाया घ्या, १७२८ व्या घाताची बाकी १ च येते.

म्हणून नियम असा लक्षात ठेवा: बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. बाकी १ आली तर अजून काहीच ठरलेलं नाही.

६५५३७ च्या बाबतीत २ हा पाया तर अगदीच निरुपयोगी. २ च्या १६ व्या घाताची बाकी आधीच उणे १ आहे, त्यामुळे पुढे सगळं आपोआप १ होत जातं. संयुक्त असलेली ४२९४९६७२९७ सुद्धा ही २ ची कसोटी पास होते. तेव्हा पाया ३ घ्यायचा.

पायरी चौथी: दाखला काढणे

आता मुख्य काम. आपल्याला ३ च्या ३२७६८ व्या (६५५३६ च्या निम्म्या) घाताची, ६५५३७ ने भागल्यावर येणारी बाकी हवी आहे. ३ ला ३ ने हजारो वेळा गुणायचं नाही. वर्ग करत जायचं: ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, पुन्हा त्याचा वर्ग. प्रत्येक वेळी घातांक दुप्पट होतो, म्हणून पंधरा वर्गांत ३२७६८ गाठता येतात. प्रत्येक वर्गानंतर लगेच बाकी काढायची, म्हणजे आकडा वाढत नाही.

बाकी काढायची एक सोपी रीत इथे आहे. ६५५३६ ची बाकी उणे १. म्हणून वर्गाला ६५५३६ ने भागा, भागाकार आणि उरलेला भाग वेगळे लिहा, आणि उरलेल्यातून भागाकार वजा करा. ११ च्या कसोटीत आपण अंक एकाआड एक वजा-अधिक करतो, त्याचंच हे मोठं रूप. उदाहरणार्थ ६५६१ चा वर्ग ४३०४६७२१. त्यात ६५५३६ हे ६५६ वेळा जातात आणि ५५१०५ उरतात. ५५१०५ − ६५६ = ५४४४९. हीच बाकी.

दुसरी सवय: बाकी निम्म्याहून मोठी असेल तर तिच्यातून ६५५३७ वजा करून उणे रूप घ्या. ५४४४९ च्या जागी उणे ११०८८. पुढचा वर्ग लहान येतो, आणि उणे असल्याने वर्गात फरक पडत नाही.

माझ्या वहीतला हिशेब उतरवून देतो. डावीकडे ३ चा घातांक, उजवीकडे बाकी. आधी स्वतः करा, मग ताडून पाहा.

१ : ३
२ : ९
४ : ८१
८ : ६५६१
१६ : उणे ११०८८
३२ : उणे ३६६८
६४ : १९१३९
१२८ : १५०२८
२५६ : २८२
५१२ : १३९८७
१०२४ : ८२२४
२०४८ : उणे ८
४०९६ : ६४
८१९२ : ४०९६
१६३८४ : उणे २५६
३२७६८ : उणे १

२०४८ पाशी थांबा. ८२२४ चा वर्ग ६७६३४१७६, आणि ६५५३७ × १०३२ = ६७६३४१८४. फक्त आठ कमी. पाच-पाच अंकी वेड्यावाकड्या बाक्यांतून अचानक उणे ८ वर येतो, आणि तिथून पुढे सगळे २ चे घात. पहिल्यांदा हा हिशेब पुरा केला तेव्हा मी एकटाच होतो आणि कुणाला तरी हाक मारून दाखवावंसं वाटलं होतं. तुमच्या वहीत तिथे उणे ८ आला नाही तर वरच्या कुठल्यातरी ओळीत चूक आहे. बहुतेक वेळा ती १९१३९ च्या वर्गात असते.

आता उणे १ आल्याने काय सिद्ध होतं ते बघा. याचा तर्क हिशेबापेक्षा छोटा आहे.

६५५३७ चा कुठलाही मूळ भाजक म घ्या. ६५५३७ ने भागून जे खरं ते म ने भागूनही खरं. म्हणून म च्या हिशेबात ३ च्या ३२७६८ व्या घाताची बाकी उणे १ आणि ६५५३६ व्या घाताची १. ३ चा फेरा ६५५३६ ला भागणारा आहे. ६५५३६ हा निव्वळ २ चा घात, त्यामुळे त्याहून लहान कुठलाही फेरा ३२७६८ ला भागेल आणि तिथेच बाकी १ यायला हवी होती. ती आली उणे १. (म विषम आहे, तेव्हा १ आणि उणे १ एक होऊ शकत नाहीत.) म्हणून फेरा पुरा ६५५३६ चा. फेरा (म − १) ला भागतो, म्हणून म किमान ६५५३७. पण म हा ६५५३७ चाच भाजक आहे. म्हणजे म = ६५५३७. दुसरा मूळ भाजकच नाही.

फर्मा यांच्या माळेतल्या संख्यांसाठी ही कसोटी पेपँ यांनी १८७७ मध्ये दिली. मी तिला दाखला म्हणतो. आमच्याकडे दाखल्याचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शाळेचा, जातीचा, रहिवासाचा, प्रत्येक दाखला कुणाच्यातरी शिक्क्यावर उभा असतो. या दाखल्याला शिक्का लागत नाही. सोळा ओळींचा कागद निपाणीच्या मुलाने चिकोडीच्या मुलीला पाठवला, तर ती एकेक ओळ तपासून स्वतः खात्री करू शकते. पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही.

ज्या संख्या या माळेतल्या नाहीत त्यांचं काय? (न − १) चे मूळ अवयव ठाऊक असतील तर असाच दाखला कुठल्याही मूळ संख्येला काढता येतो. असा पाया शोधायचा की (न − १) व्या घाताची बाकी १ येईल, पण (न − १) ला त्याच्या कुठल्याही मूळ अवयवाने भागून येणाऱ्या घाताची बाकी १ येणार नाही. ६५५३६ चा एकच मूळ अवयव २, म्हणून आपलं एकाच ओळीत भागलं. अडचण एवढीच की मोठ्या संख्येत (न − १) चे अवयव पाडणं स्वतःच अवघड असतं. अशी अट न घालता, कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि आटोपशीर पायऱ्यांत सांगणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. तिघांतले दोघं त्या वेळी नुकतेच पदवीधर झाले होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो.

दाखला हातात आल्यावर संख्येचे गुण

चौथ्या पायरीत एक गोष्ट फुकट मिळाली: ३ चा फेरा पुरा ६५५३६ चा आहे. म्हणजे ३ च्या घातांच्या बाक्यांमध्ये १ ते ६५५३६ हा प्रत्येक आकडा एकेकदा येतो. १० चाही फेरा तेवढाच आहे. त्याचा अर्थ, १ ला ६५५३७ ने भागून दशांश लिहीत गेलात तर ६५५३६ अंकांनंतर तेच अंक पुन्हा सुरू होतील, त्याआधी नाही. हे लहान भावंडावर करून पाहा. १ भागिले १७ केलं की ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक फिरत राहतात. त्यांचे दोन समान भाग पाडून बेरीज करा: ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९.

दुसरा गुण विटांचा. ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि एकाच प्रकारे. ६५५३७ साठी ती मांडणी २५६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. शोधून पाहा, दुसरी सापडणार नाही. आता संयुक्त ४२९४९६७२९७ घ्या. ती ६५५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहेच, पण ६२२६४ चा वर्ग अधिक २०४४९ चा वर्गही आहे: ३८७६८०५६९६ + ४१८१६१६०१. दोन प्रकारे मांडता आली, एवढ्यावरूनच ती मूळ नाही हे कळतं, ६४१ सापडायच्या आधीच.

तिसरा गुण भूमितीतला. गाउस यांनी दाखवलं की ६५५३७ बाजूंचा नियमित बहुभुज फक्त मोजपट्टी (खुणा नसलेली) आणि कंपास वापरून काढता येतो. हेर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने सुमारे दहा वर्षं त्याची रीत लिहिण्यात घालवली. ते हस्तलिखित ग्यॉटिंगेन विद्यापीठात जपून ठेवलेलं आहे.

आणि रोजच्या वापरातला गुण. संगणकावर माहिती कुलूपबंद करण्याची आरएसए पद्धत १९७७ मध्ये आली. तिच्यात जाहीर किल्लीचा घातांक म्हणून सर्रास ६५५३७ च वापरतात. कारण तुम्ही आत्ताच हाताने अनुभवलंत: १६ वेळा वर्ग करायचा आणि एकदा गुणायचं, की ६५५३७ वा घात तयार.

याहून मोठ्या संख्यांकडे

२ च्या घातात १ मिळवण्याऐवजी १ वजा केला की मर्सेन संख्या मिळतात. त्यांचा दाखला याहून सुटसुटीत आहे. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, बाकी काढा. घातांकाहून दोन कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. इथे फसवे निकाल नाहीत, दोन्ही बाजूंनी पक्कं उत्तर मिळतं. ३ पासूनच्या मूळ घातांकांसाठी ही रीत चालते.

२ चा ७ वा घात वजा १, म्हणजे १२७ साठी पाच पायऱ्या: ४ वरून १४, ६७, ४२, १११, ०. मूळ. ११ व्या घाताची २०४७ घेतली तर नवव्या पायरीला १७३६ उरतात, शून्य नाही. २०४७ म्हणजे २३ × ८९, पण हे भाजक शोधायची गरजच पडली नाही.

याच कुळातली कसोटी घेऊन ल्यूका यांनी १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं हाताने सिद्ध केलं. १९५१ पर्यंत तिच्याहून मोठी मूळ संख्या कुणाला ठाऊक नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट यांनी शोधलेली संख्या २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ आहे. तिच्यात ४१०२४३२० अंक आहेत. पानावर हजार अंक लिहिले तर दोनशेपानी २०६ वह्या लागतील.

इतक्या प्रचंड संख्येबद्दलही तुम्ही दोन गोष्टी स्वतः काढू शकता. शेवटचा अंक: २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ असे चाराच्या फेऱ्यात येतात. १३६२७९८४१ ला ४ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून २, आणि १ वजा केला की १. अंकांची संख्या: घातांकाला २ च्या लॉगरिदमने गुणा, पूर्णांक भाग घ्या, त्यात १ मिळवा. पण इथे ०.३०१०३ हे लॉगच्या तक्त्यातलं रूप वापरू नका. त्याने ४१०२४३२१ येतात, एक जास्त. ०.३०१०२९९९५७ घेतलं तरच बरोबर उत्तर येतं. माझी स्वतःची इथे एकदा फसगत झाली आहे.

आता तुमच्यासाठी दोन दाखले ठेवतो. पहिला २५७ चा, पाया ३, सात वर्ग: ९ आणि ८१ नंतर १३६, मग इथेही उणे ८ भेटेल, पुढे ६४, उणे १६ आणि उणे १. दुसरा २ चा १३ वा घात वजा १, म्हणजे ८१९१ चा, ४ पासून अकरा पायऱ्या. सातव्या पायरीला ३६ आले तर हिशेब बरोबर चालला आहे. दहाव्या पायरीला १२८ येतील, त्यांचा वर्ग करून २ वजा केले की १६३८२, आणि ते ८१९१ च्या बरोबर दुप्पट आहेत.